ड्यूकचं इंजिन, हेराल्डची बॉडी!

बाइकचं इंजिन काढायचं आणि हलक्याफुलक्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसवायचं, हा किडा जगभरातल्या गाडीवेड्यांना चावलेला आहे. तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या वाड्यात तो चावला, तेव्हा काय झालं?

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एखादी केशरी ड्यूक ३९० नक्की उभी असेल. आज लंच अवरमध्ये तिच्याकडे जरा नीट बघा. २०१३ मध्ये ही बाइक भारतात आली, तेव्हा तिच्या ३७३ सीसीच्या एकुलत्या एका सिलिंडरमधून साधारण ४३ हॉर्सपॉवर निघायची. बाइक आणि वर बसलेला माणूस (जिमची फी नुसती भरलेली नाही, वसूलही केलेली आहे असं समजूया) मिळून वजन सव्वादोनशे किलोच्या घरात. आता शेजारची हॅचबॅक बघा. ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवर, आणि माणूस धरून वजन हजार किलोच्या आसपास. म्हणजे किलोमागे किती ताकद मिळते हा हिशेब मांडला, तर ती पोरगेलेशी बाइक कारच्या दुप्पट भरते. सिग्नल सुटल्यावर ती कुठे जाते आणि आपण कुठे राहतो, याचं उत्तर एवढंच आहे.

आता कल्पना करा, हे असं इंजिन चार चाकांवर ठेवलं तर? दोन सीट्स, छप्पर नाही, एसी नाही, म्युझिक सिस्टिम नाही. अख्खी कार चारशे-पाचशे किलोंची. मिनिटाला नऊ हजार फेरे घेणारं इंजिन पाठीमागे किंचाळतंय आणि तुमचा पार्श्वभाग रस्त्यापासून वीतभर वर आहे...

ऐकायला भन्नाट वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण त्याआधी थोडा इतिहास. कारण या वेडातून एकदा चक्क फॉर्म्युला वनचा नकाशा बदलला होता.

एका चेनची करामत

साल १९४६. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, इंग्लंडमध्ये पेट्रोलला रेशन आणि खिशात पैसा नाही. पण रेसिंगची खाज काही रेशनवर मिळत नाही! म्हणून तिथल्या हौशी मंडळींनी ५०० सीसीच्या छोट्या गाड्यांचा स्वस्त क्लास सुरू केला. लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये गॅरेज चालवणाऱ्या चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन या बापलेकांनी दोन मोडक्या फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग घेतले, पाठीला पाठ लावून जोडले आणि मध्ये जेएपी कंपनीचं स्पीडवे बाइकचं इंजिन बसवलं.

आता बाइकचं इंजिन म्हटलं की चेन आली. चेन जितकी आखूड तितकी बरी, म्हणून इंजिन ड्रायव्हरच्या मागे, चाकांजवळ ठेवलं. यात काही महान तत्त्वज्ञान नव्हतं, सोय होती. पण ही गाडी वळणावर अशी काही वळायची की बघणारे बघतच राहिले. १९४८ मध्ये स्टर्लिंग मॉस नावाच्या पोरसवदा मुलानं आपलं रेसिंग करिअर अशाच कूपरमधून सुरू केलं. आणि १९५९ मध्ये जॅक ब्रॅबम इंजिन मागे असलेल्या कूपरमधून वर्ल्ड चॅम्पियन झाला. १९५८ नंतर आजपर्यंत इंजिन पुढे असलेल्या गाडीतून कुणीही फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलेलं नाही. आखूड चेनच्या सोयीसाठी मागे गेलेलं इंजिन ते गेलंच!

पुढे १९५७ मध्ये कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन आणली. नळ्यांचा सांगाडा, वर पत्रा, जेमतेम अर्ध्या टनाचं वजन. तिचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमकडे गेले आणि तिच्या धर्तीवरच्या गाड्या अजूनही बनतात. अशा सेव्हनमध्ये होंडा फायरब्लेड किंवा सुझुकी हायाबुसाचं इंजिन टाकणं हा ब्रिटनमधला लाडका उद्योग. वेस्टफील्ड कंपनीनं तर हायाबुसाच्या इंजिनावरची आपली गाडी ‘मेगाबुसा’ या नावानं विकली. होंडाची गोष्ट आणखी मजेशीर. बाइकवाल्या या कंपनीनं १९६३ मध्ये आपली पहिली स्पोर्ट्स कार एस-५०० काढली, तेव्हा ५३१ सीसीचं इंजिन आठ हजार फेऱ्यांना पूर्ण ताकद देत होतं आणि मागच्या चाकांना ताकद जायची ती चेननं. सवय जात नाही, दुसरं काय!

आपल्या मातीतले किडे

हे सगळं साहेबाच्या देशात, असं म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडेही हा किडा जुना आहे.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘मीरा’ नावाची छोटी कार बनवायला घेतली. छोटं इंजिन, हलकी बॉडी, सामान्य माणसाला परवडेल अशी किंमत हे त्यांचं स्वप्न. नमुन्यामागून नमुने बनवत ते १९७० च्या दशकापर्यंत झगडले. गाड्या रस्त्यावर धावल्या, लोकांनी पाहिल्या. पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायचा मार्ग काही मोकळा झाला नाही. नॅनो यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या एका माणसानं हे करून दाखवलं होतं, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

२००० च्या दशकात अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली. तिच्यात बाइकचं नाही, तर इसुझुचं १.८ लिटरचं कारचंच इंजिन होतं. पण ‘सेव्हन’ नावाचा प्रकार मराठी मुलखात बनू शकतो, हे तिनं दाखवून दिलं.

आणि मग आले दत्तात्रय लोहार. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या या कारागिरानं मुलाच्या हट्टासाठी भंगारातून छोटी जीपसारखी गाडी बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. सुरू कशी करायची? दुचाकीसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ गाजला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवणारच. म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबानं ती स्वीकारली.

या गोष्टीचा शेवट गोड आहे, टाळ्या वाजवायलाच हव्यात. पण मला त्यात एक बारीकसा काटा टोचतो. कारागिराला बक्षीस मिळालं, पण त्यानं बनवलेल्या गाडीला रस्ता काही मिळाला नाही. शंकररावांना परवानगी नव्हती, लोहारांना नियमांत जागा नव्हती. कूपर बापलेकांना मात्र ५०० सीसीचा क्लास होता. म्हणजे चुकत-माकत बनवायला आणि सुरक्षितपणे पळवायला एक मैदान. फरक अकलेचा नव्हताच हो, मैदानाचा होता!

कंपन्यांना ते मैदान मिळतं. बजाजची क्यूट घ्या. वाळूजला बनणाऱ्या या चारचाकीत २१६ सीसीचं एक सिलिंडर इंजिन आहे, वजन चारशे किलोंच्या आसपास आणि वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत. दुचाकी-रिक्षाच्या घराण्यातलं इंजिन चार चाकांवर. पण त्यासाठी सरकारला ‘क्वाड्रिसायकल’ नावाचा वेगळा वर्गच तयार करावा लागला आणि त्यात कित्येक वर्षं गेली. कंपनी तेवढी थांबू शकते. तुम्ही-आम्ही?

वाड्यातली हेराल्ड

हा सगळा विचार माझ्या डोक्यात घुसला तो आमच्या मामांच्या गावी, तळेगाव ढमढेऱ्यात. (नाही हो, स्टेशनवालं तळेगाव ते दाभाडे! हे शिरूर तालुक्यातलं. नगर रोडनं शिक्रापूरला या आणि उजवीकडे वळा. आयुष्यभर हेच समजावत आलोय.)

वेळ नदीच्या काठचं हे गाव नकाशावर मोठ्या मजेशीर जागी बसलंय. एका बाजूला रांजणगाव एमआयडीसी, जिथे फियाटच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनते. दुसऱ्या बाजूला शिक्रापूरहून फुटणारा चाकणचा रस्ता. त्या टोकाला बजाजचा कारखाना, जिथे केटीएमच्या ड्यूक बनतात. मध्ये सणसवाडीला वेल्डिंग, प्रेसिंग, मशिनिंगची वर्कशॉप्स. म्हणजे एका बाजूला कार, दुसऱ्या बाजूला बाइकचं इंजिन आणि मध्ये दोन्ही जोडू शकणारे हात! सर्बिटनमधल्या कूपरला हेवा वाटावा असा शेजार.

त्यातलेच दोन हात आमच्या दादाचे. दादा म्हणजे थोरला मामेभाऊ. सणसवाडीत फॅब्रिकेशनच्या कामात पंधरा वर्षं मुरलेला, वेल्डिंगची शिवण अशी घालतो की शिंप्यानं मान खाली घालावी. गेल्या वर्षी ओळखीतल्या एकाची ड्यूक ट्रकखाली सापडली. सुदैवानं पोरगा वाचला, बाइक मात्र गेली. तिचं इंजिन धडधाकट होतं, ते दादानं रीतसर कागदपत्रांसकट विकत घेतलं.

आणि वाड्याच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती आबांची हेराल्ड. माझ्या आजोबांनी १९६८ साली घेतलेली, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. इंजिन कित्येक वर्षांपूर्वी जाम झालेलं.

आता ‘हेराल्ड कुठली स्पोर्ट्स कार?’ असं तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. मद्रासला १९६० च्या दशकात बनणारी ही गाडी म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतीय बहीण. मिकेलोती नावाच्या इटालियन डिझायनरनं ती रेखली. आणि तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर ही झकास टू-सीटर काढली. हेराल्डचं छप्पर नटबोल्टवर बसवलेलं, काढा आणि बाजूला ठेवा. बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, इंजिनाभोवती फेर धरून काम करा. वळते तर इतक्या लहान गोलात की रिक्षावाल्यानंही दाद द्यावी. म्हणजे स्पोर्ट्स कारच, फक्त साडी नेसलेली!

दादाचा प्लॅन सरळ होता. ‘छप्पर उतरवू, जाम इंजिन फेकू, ड्यूकचं बसवू. बघ मग!’

मी तर लगेच तयार. मनातल्या मनात फोटो काढून अपलोडही केले. पण घरात एक तिसरा एक्सपर्ट होता. दादाची धाकटी बहीण. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये. तिनं दोघांनाही ओट्याजवळ बोलावलं.

तांब्या आणि परात

तिनं पहिल्यांदा घेतला तांब्या. त्यात अर्धा पाणी, गळ्याला दोरी, आणि अंगणात गरगर फिरवला. एक थेंब सांडला नाही. ‘ही बाइक. बाइक वळणावर झुकते. त्यामुळे इंजिनातलं ऑइल तळाशीच राहतं.’ मग परातीत पाणी घेतलं आणि फरशीवरून झटकन आडवी सरकवली. पाणी एका कडेला चढलं, मामींच्या पायावर सांडलं आणि तिनं दोन शब्द ऐकून घेतले. ‘आणि ही कार. कार झुकत नाही. वळणावर ऑइल एका बाजूला पळतं, पंपाचं तोंड कोरडं पडतं आणि नऊ हजार फेऱ्यांवर बेअरिंगला ऑइल मिळालं नाही की इंजिनाचा खेळ खल्लास.’

हजार पानांचं मॅन्युअल वाचूनही इतकं नीट कळलं नसतं. यावर उपाय आहेत. ऑइलच्या टाकीत आडवे पत्रे घालून ते पळण्यापासून अडवायचं, किंवा ऑइलची टाकीच वेगळी करून पंपानं खेळवायचं. करता येतं, पण करावंच लागतं.

मग तिनं बोटं मोडत यादी सांगितली.

रिव्हर्स: बाइकच्या गिअरबॉक्समध्ये तो नसतोच. वेगळा रिव्हर्स गिअरबॉक्स लावा, नाहीतर छोटी इलेक्ट्रिक मोटर. नाहीतर मित्रांना धक्का मारायला सोबत न्या.

डिफरन्शियल: बाइकला मागे एकच चाक. कारला दोन, आणि वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. चेन थेट अॅक्सलला जोडली तर टायर फरफटतात. इंजिन मागे ठेवलं तर चेनवर चालणारं डिफरन्शियल हवं. पुढे ठेवलं तर पुढच्या स्प्रॉकेटच्या जागी जोड देऊन कारचा शाफ्ट लावायचा.

हवा: बाइकच्या रेडिएटरला वारा समोरून, फुकटात मिळतो. कारच्या बोनेटखाली तो बोलावून आणावा लागतो. मोठा रेडिएटर, मोठा फॅन.

वायरिंग: इंजिनाचा मेंदू अजून स्वतःला बाइकमध्येच समजतो. साइड स्टँड वर आहे का, बाइक आडवी तर पडली नाही ना, हे तो विचारत राहतो. त्याला समाधानकारक उत्तर देणारं वायरिंग केलं नाही, तर तो संप पुकारतो.

दादा हसला. ‘एवढंच ना? करू की.’ आणि खरंच, यातलं काहीही त्याला अशक्य नव्हतं.

वाघोली टेस्ट

अवघड होतं ते पुढचं. धाकटीनं कागदावर दोन आकडे लिहिले. हेराल्डचं जुनं ९४८ सीसीचं इंजिन: साधारण ३५ हॉर्सपॉवर, टॉर्क ६५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तोही तीन हजार फेऱ्यांच्या आतच. ड्यूकचं इंजिन: ४३ हॉर्सपॉवर, टॉर्क मात्र ३५ न्यूटन-मीटर, आणि तो सात हजारांच्या पुढे.

सोप्या भाषेत सांगतो. टॉर्क म्हणजे एका दमात दिलेला पीळ. हॉर्सपॉवर म्हणजे तो पीळ मिनिटाला किती वेळा दिला त्याचा हिशेब. जुनं इंजिन म्हणजे सावकाश पण दाबून दळणारं जातं. ड्यूकचं म्हणजे मिक्सर. मिक्सर चटणी फर्स्ट क्लास करतो, पण त्यात पाच किलो ज्वारी टाकून बघा!

हेराल्डचं वजन आठशे किलोंच्या आसपास. जुनं लोखंडी इंजिन काढल्यावर ते कमी होईल, पण दोन माणसं बसल्यावर पुन्हा तिथेच. म्हणजे सव्वादोनशे किलो हलवायच्या हिशेबानं बनवलेल्या क्लचला जवळपास चौपट वजन ढकलायचंय. दात बदलून, गिअरिंग खाली आणून पीळ वाढवता येतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी जुन्या हेराल्डपेक्षा वेगात पळेलही. पण प्रत्येक वेळी थांबून निघताना इंजिन किंचाळवत, क्लच घासत निघावं लागणार.

‘आता ही गाडी घेऊन संध्याकाळी सात वाजता वाघोलीतून जाऊन दाखव,’ धाकटी म्हणाली.

दादा गप्प. नगर रोडचं ट्रॅफिक ज्यानं भोगलंय, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. वाघोलीपासून खराडीपर्यंत थांब-निघ, थांब-निघ, वीतवीत सरकणं. क्लचचा धूर येरवड्यापर्यंत दिसला असता.

सेव्हन किंवा कूपर जिंकली ती बाइकच्या इंजिनामुळे नाही, आपल्या हलकेपणामुळे. इंजिन हे शेवटचं पान आहे, पुस्तक नाही. आधी गाडी हलकी, मग इंजिन छोटं. हा क्रम उलटला की जड गाडीत थकलेलं इंजिन उरतं.

कायदा काय म्हणतो?

समजा, क्लचचंही काहीतरी जमवलं. पुढे आरटीओ उभं आहेच.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं मूळ दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सीएनजीसारखं मान्यताप्राप्त किट बसवणं, अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करणं, अशा ठरावीक वाटा मोकळ्या आहेत. पण कारमध्ये बाइकचं इंजिन? नाव सोडा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

हे वाचून कायद्याला शिव्या घालायचा मोह होतो. पण क्षणभर ब्रेकचा विचार करा, स्टिअरिंगचा विचार करा. घरी वेल्ड केलेली माउंटिंग सुटली तर शेजारून स्कूटीवर जाणारी मुलगी कोण असेल? तिनं तुमच्या हौसेची किंमत का मोजावी? नियम कडक आहे, पण तो वेड्यासारखा नाही.

आणि हेराल्डच्या बाबतीत आणखी एक पेच होता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट एकच, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी चालत नाही. प्रदर्शनं, विंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांसाठी रस्त्यावर आणता येते.

आबांची हेराल्ड १९६८ ची. म्हणजे पन्नाशी कधीच ओलांडलेली. छप्पर कापलं, ड्यूकचं इंजिन टाकलं, की हा दरवाजा कायमचा बंद. ना ती विंटेज राहणार, ना रस्त्यावर चालणार. दोन्हीकडून गेली!

इतका वेळ मामा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, ‘इंजिन बसंल रं. तुझ्या हातानं काय बी बसंल. पण मग ती आबांची गाडी राहील का?’

विषय तिथे संपला. म्हणजे हेराल्डचा. इंजिनाचा नाही.

मग त्या इंजिनाचं काय?

धाकटीनं यासाठीच सगळा घाट घातला होता, असा मला अजूनही दाट संशय आहे. फॉर्म्युला स्टुडंट ही इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा. तिची सुरुवात १९८१ मध्ये अमेरिकेत झाली. आपल्याकडे फॉर्म्युला भारत नावाची स्पर्धा कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर जानेवारीत भरते. विद्यार्थ्यांनी एक सीटची, उघड्या चाकांची छोटी रेसिंग कार स्वतः डिझाइन करून, स्वतः बनवून आणायची. इंजिन ७१० सीसीपर्यंतचं, आणि त्याला हवा मिळणार ती फक्त २० मिलिमीटरच्या भोकातून, म्हणजे एक रुपयाच्या नव्या नाण्याएवढ्या! ताकद आवरती राहावी म्हणून ही अट. आता इलेक्ट्रिक गाड्यांचाही वेगळा गट असतो. पण पेट्रोलच्या गटात देशभरातल्या कितीतरी टीम्सचं लाडकं इंजिन कुठलं, माहितीये? ड्यूक ३९० चं! हलकं, ताकदवान आणि पार्ट्स कोपऱ्यावर मिळणारं.

आणि ही स्पर्धा नुसती पळण्याची नाही. डिझाइन का असं केलं, खर्च किती आला, ही गाडी विकायची तर धंदा कसा कराल, याचेही गुण असतात. मैदानात उतरण्याआधी तपासनीस नटबोल्ट नटबोल्ट तपासतात, ब्रेक पाहतात, गाडी तिरकी करून काही गळतंय का बघतात. शंकररावांना आणि लोहारांना जे मैदान मिळालं नाही, ते हेच. चूक करायला जागा आहे, पण त्या चुकीनं दुसऱ्याचा जीव जाणार नाही याची काळजीही आहे.

इंजिन टीमकडे गेलं. दादाही गेला! म्हणजे शनिवार-रविवार. स्पर्धेचा नियम असा, की गाडी विद्यार्थ्यांनीच बनवायची. म्हणून तो हात लावत नाही, नुसता शिकवतो. सांगाड्याची नळी कुठे कापायची, शिवण कुठून सुरू करायची, पत्रा तापून वाकू नये म्हणून टाके कसे आलटून-पालटून घालायचे. दहावीनंतर कॉलेजची पायरी न चढलेला माणूस आता इंजिनीअरिंगच्या पोरांना वेल्डिंगचे फंडे देतो. पहिल्या दिवशी पोरं ‘काका’ म्हणाली तेव्हा चिडला होता. आता ‘सर’ म्हणतात, त्याचा मात्र राग येत नाही.

आणि हेराल्ड? तिचं जाम इंजिन उघडलंय. सिलिंडर बोअर करायला दिलेत. काही पार्ट्ससाठी दादा बुधवार-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चकरा मारतो. छप्पर जागेवर आहे. मामा रोज सकाळी बोनेट पुसतात.

तुम्हालाही किडा चावलाय?

• आधी वजन, मग ताकद. बाइकचं इंजिन पाचशे किलोंच्या आतल्या गाडीलाच शोभतं. जड गाडीत ते टाकू नका.

• नोंदणी असलेल्या जुन्या गाडीला हात लावू नका. पन्नास वर्षं झाली असतील तर तिची किंमत तिच्या मूळपणात आहे. कागदपत्रं शोधा, विंटेज नोंदणीची चौकशी करा.

• भंगारातलं इंजिन घेताना मूळ गाडीचे कागद आणि इंजिन नंबर पडताळा. नंबर खोडलेलं इंजिन फुकट मिळालं तरी नको. ते चोरीचं असू शकतं.

• सार्वजनिक रस्ता हे प्रयोगाचं ठिकाण नाही. पहाटे चारचा हायवेसुद्धा नाही. फक्त ट्रॅक, आयोजकांचे नियम आणि हेल्मेट.

• कॉलेज संपलं असेल तर जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजची टीम गाठा. त्यांना पैसे लागतात, पार्ट्स लागतात आणि तुमच्यासारखे नोकरीतले लोकही लागतात. कुणाला अकाउंट्स येतं, कुणाला प्रेझेंटेशन, कुणाला वेल्डिंग. ऑफिसात ज्या पॉवरपॉइंटला तुम्ही वैतागलाय, त्याची इथे कदर होते.

• आणि हो, कुठल्याही आयडियाला वाघोली टेस्ट लावून बघा. संध्याकाळी सातच्या ट्रॅफिकमध्ये जी टिकेल, तीच आयडिया खरी!